दादाचा बेस

माझा भाऊ शार्दूल पंधरा दिवसांची रजा काढून घरी आला, त्याला येत्या ऑक्टोबरात दहा वर्षं होतील.

त्या सकाळी बाबा दाढी करत होते. आरशासमोरच ते उजव्या अंगावर कलंडले आणि साबणाचा ब्रश न्हाणीघरापर्यंत घरंगळत गेला. अर्धांगाचा झटका. मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. शेजारच्यांच्या फोनवरून मी पुण्याला कळवलं आणि दुसऱ्या दिवशी दादा एसटीने आला. एका खांद्याला कपड्यांची पिशवी, दुसऱ्या खांद्याला काळ्या रेक्झिनच्या खोळीतली बेस गिटार.

आईने तशाही अवस्थेत विचारलं, "हे कशाला आणलंस?"

"खोलीवर ठेवली तर कोणीतरी उचलेल. पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे."

बाबा, म्हणजे गोपाळकृष्ण पाध्ये, कोयना प्रकल्पात इलेक्ट्रिकल सुपरवायझर होते. आम्ही अलोऱ्याच्या कॉलनीत वाढलो. निवृत्त झाल्यावर बाबांनी रत्नागिरीत, मांडवीला तीन खोल्यांचं चिऱ्याचं घर बांधलं आणि त्यातलं सगळं वायरिंग स्वतः केलं. दादाने पुण्यात इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला, एका वर्कशॉपमध्ये नोकरीला लागला, तोवर बाबा खूश होते. मग तो अनिल नावाच्या मित्राच्या रॉक बँडमध्ये वाजवायला लागला. त्या वर्षी गणपतीला तो घरी आला तेव्हा बाबा त्याला म्हणाले होते, "ज्याला सहा तारांची गिटार जमत नाही, त्याच्या हातात चार तारांची देतात. खरं की नाही?" दादा तसाच पुण्याला निघून गेला. बापलेकांचं ते शेवटचं धड बोलणं.

झटक्यानंतर बाबांचा उजवा हात आणि पाय गेला, आणि वाचाही गेली. एकच शब्द उरला: "नको." बाकी सगळं त्यांना समजत होतं, पण तोंडून यायचं ते एवढंच. पाणी हवं असलं तरी नको, पाणी पुरे झालं तरी नको. पंखा लावा, पंखा बंद करा, कूस बदला, दार लोटा, सगळ्याला नको. डॉक्टर म्हणाले, असं होतं काही जणांचं, एखादाच शब्द वाचतो. पहिल्या आठवड्यात बाबा चिडून भिंतीवर डावी मूठ आपटायचे आणि आई स्वयंपाकघरात जाऊन रडायची.

पंधरा दिवसांचा महिना झाला, महिन्याचे तीन. पुण्याच्या वर्कशॉपने दादाच्या जागी दुसरा माणूस घेतला. बाबांना उचलणं, बसवणं, संडासला नेणं आईच्या आवाक्यातलं नव्हतं. शेवटी दादाने मिरकरवाड्याच्या बंदराजवळ एका बर्फाच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियनची नोकरी धरली. सकाळी सहा ते दुपारी दोन. घरी आला की त्याच्या कपड्यांना अमोनियाचा वास यायचा.

जून १९९९ मध्ये मला पुण्याला बी.एड.ला प्रवेश मिळाला. मी जाऊ की नको, असं मी दादाला विचारलं. आम्ही मागल्या दारी नारळ सोलत होतो.

"जा," तो म्हणाला.

"एकच वर्ष, दादा. मग मी येते इथे. इथल्याच एखाद्या शाळेत बघते. मग तू जा."

"अनिलला तसं कळवतो," तो म्हणाला. "एक वर्ष थांबतील ते."

मी गेले.

*

आता त्याच्या बेसबद्दल सांगायला हवं. दादाकडे एक कॅसेट होती. अनिलने त्याला भरून दिलेली, एका इंग्रजी बँडची. बँड कधीचाच मोडला होता. त्यातल्या बेस वाजवणाऱ्याचं नाव मला कधी नीट उच्चारता आलं नाही, म्हणून इथे लिहीत नाही. आमच्या घरी त्याला 'तो माणूस' म्हणत. "तुझा तो माणूस बंद कर आता, बाबांना झोप लागतेय," असं आई म्हणायची.

बेस म्हणजे गाण्याचा तळ. बहुतेक गाण्यांत तो असतो पण कानाला वेगळा कळत नाही. त्या माणसाचा बेस मात्र मलासुद्धा वेगळा ऐकू यायचा. खाली लाँचच्या इंजिनासारखी घरघर आणि त्याच वेळी वर पत्र्यावर खडा पडावा तसा कडक टणत्कार. दोन्ही एकाच तारेतून. दादा मला म्हणाला होता, "उल्का, हे एकाच वेळी कसं होतं, तेच मला कळत नाही. खालचं वाढवलं की वरचं मरतं. वरचं वाढवलं की नुसतं पत्रा वाजवल्यासारखं होतं."

पुण्यात असता तर चार लोकांना विचारता आलं असतं, दुकानात जाऊन पन्नास वस्तू हाताळता आल्या असत्या. रत्नागिरीत बेस गिटारची तारसुद्धा मिळत नव्हती. त्याला रोज दुपारी चार ते साडेपाच एवढाच वेळ मोकळा असायचा. त्यानंतर बाबांचा व्यायाम, अंघोळ, जेवण. त्या दीड तासात तो त्या माणसाचा आवाज शोधत बसे. मला वाटतं, दुसरीकडे कुठे जाता येत नव्हतं म्हणून तो तिथे जात होता.

पहिलं भांडण तारांशी. मांडवीची हवा खारी. खिडकीचे गज गंजतात तिथे तारांचं काय? नवी तार तिसऱ्या आठवड्यात मुकी व्हायची, आणि तो कडक टणत्कार तर नव्या तारेतूनच येतो. पुण्याहून तारा मागवायला महिना लागायचा. मग अनिलने पत्रात लिहिलं, तारा उकळून बघ, आतला मळ सुटतो. त्या रविवारी आईने आमटी टाकायला पातेलं घेतलं तर त्यात चार तारा वेटोळं करून रटरटत होत्या.

"शारू, हे काय रे मेल्या?"

"पाच मिनिटं, आई. सोडा घातलाय."

"अरे, बाबांची पेज करते मी त्यात!"

त्याने दुसऱ्याच दिवशी वेगळं पातेलं आणलं. तारा उकळायच्या, पंच्याने पुसायच्या, अंगणातल्या दोरीवर वाळत घालायच्या. त्याने त्या दहा-पंधरा दिवस जिवंत राहत. येणारे जाणारे विचारत, हे काय वाळत घातलंय? आई म्हणायची, "शेवया."

दुसरं भांडण प्लेक्ट्रमशी. तार छेडायची ती लहानशी प्लास्टिकची चकती. तो माणूस बोटांनी नाही, चकतीने वाजवतो, हे दादाने कॅसेट ऐकून ऐकून ताडलं होतं. पुण्याहून आणलेल्या चार चकत्यांपैकी दोन हरवल्या, दोन तुटल्या. त्याने शाम्पूच्या बाटलीचं प्लास्टिक कापून पाहिलं, ते वाकायचं. बाबांच्या डोक्याचा एक्स-रे कापून पाहिला, त्याचे तर दोन दिवसांत तुकडे पडले. शेवटी त्याने नारळाची करवंटी फोडली, चिऱ्याच्या भिंतीवर घासून घासून तिची चकती केली. कडक होती, तुटत नव्हती. तिच्यानेच तो वाजवायला लागला.

एक वर्ष संपलं. मी रत्नागिरीला गेले नाही. पुण्यातल्या एका शाळेत मला नोकरी लागली आणि मी दादाला फोनवर म्हटलं, "अनुभव मिळू दे एक-दोन वर्षांचा, मग तिथे लगेच घेतील." तो "बरं" म्हणाला. २००१ मध्ये माझं लग्न झालं, तेही पुण्यातच. लग्नात अनिल भेटला. त्यांनी दुसरा बेसवाला घेतला होता. हे दादाला माहीत होतं, मला माहीत नव्हतं.

*

अॅम्प्लिफायर त्याला खेडला मिळाला. तोवर तो गिटारची वायर घरच्या टेपरेकॉर्डरला जोडून वाजवत होता. कारखान्यातल्या कोणीतरी सांगितलं, जगबुडी नदीच्या काठी केरूभाऊ म्हणून आहेत, पूर्वी लग्नांना लाउडस्पीकर भाड्याने द्यायचे. त्यांच्याकडे जुन्या काळचा व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर पडून होता. व्हॉल्व्ह म्हणजे आत दिव्यासारख्या काचेच्या नळ्या पेटतात तो. ट्रान्झिस्टरचे हलके अॅम्प्लिफायर आल्यापासून त्याला कोणी विचारत नव्हतं.

"चालतो का?" दादाने विचारलं.

"पान्यात बुडला व्हता एकदा," केरूभाऊ म्हणाले, "पन मेला नाय. घेऊन जावा."

तो वीस किलोचा डबा एसटीत मांडीवर घेऊन दादा आला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने बाबांच्या खोलीतच, त्यांच्या आरामखुर्चीसमोर, सतरंजीवर तो उघडला. पावसाळा होता, ओटीवर झड येत होती, आणि बाबांवर लक्षही ठेवायला हवं होतं. मी तेव्हा चार दिवसांसाठी माहेरी गेले होते, दारात बसून शेंगा सोलत होते. म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं.

दादाने अॅम्प्लिफायर लावून पाहिला. नळ्या तांबूस पेटल्या, आवाज मात्र नुसता घूं असा. त्याने बटण बंद केलं, प्लग काढला आणि आत हात घालायला वाकला.

"नको!"

बाबा ओरडले. तीन वर्षांत त्यांचा एवढा मोठा आवाज कोणी ऐकला नव्हता. दादाचा हात जागीच थांबला. बाबांनी डाव्या हाताने स्टुलावरचं भांडं ढकलून पाडलं होतं आणि ते खुर्चीतून पुढे सरकत होते, पडतील अशी भीती वाटावी इतके. "नको, नको, नको!"

"प्लग काढलाय, बाबा."

"नको!" त्यांनी डावं बोट डब्यातल्या एका जाड, गोल पुंगळीकडे दाखवलं. मग खुणेने स्क्रू-ड्रायव्हर मागितला. दादाला तेव्हा उमजलं. त्याने एक वायर डब्याच्या पत्र्याला जोडली, दुसरं टोक स्क्रू-ड्रायव्हरला गुंडाळलं आणि लांबून त्या पुंगळीच्या टोकाला टेकवलं. फाडकन आवाज होऊन निळी ठिणगी उडाली. प्लग काढला तरी त्या कपॅसिटरमध्ये चारशे व्होल्ट साठून राहिलेले असतात. दादाला हे शिकवलेलं होतं, पण त्याचं सगळं शिक्षण ट्रान्झिस्टरवर झालं होतं. व्हॉल्व्हच्या डब्यात हात घालायची त्याची पहिलीच वेळ.

आई धावत आली. "काय झालं? काय पडलं?"

"काही नाही," दादा म्हणाला. तो जमिनीवर बसला होता. बाबा खुर्चीत मागे रेलले. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

बाबांना सगळ्यासाठी तोच एक शब्द होता, आणि त्या दिवशी नेमका तोच लागला.

त्यानंतर दीड महिना बापलेक तो डबा दुरुस्त करत होते. बाबा डाव्या बोटाने दाखवायचे, दादा मीटर लावायचा. हा रेझिस्टर? नको. हा? नको. हा? नको. पण तिन्ही नको वेगळे. दादाला ते फरक हळूहळू कळायला लागले. आखूड आणि खाली पडणारं नको म्हणजे खरंच नाही. लांबवलेलं, शेवटी वर जाणारं नको म्हणजे होय. दोनदा भराभर म्हणजे लघवीला जायचंय. नाकातून आलेलं म्हणजे मला त्रास देऊ नका. त्याने ते आईलाही शिकवलं आणि घरातली निम्मी चिडचिड थांबली. तीन वर्षं आम्ही सगळे शब्द ऐकत होतो. दादा एकटा रोज आवाजाच्या मागे लागलेला, म्हणून त्याला कळलं असावं.

*

अॅम्प्लिफायर सुरू झाला, आवाज भरदार आला, पण 'त्या माणसाचा' आला नाही.

२००२ मध्ये बसस्टँडजवळ इंटरनेट कॅफे निघाला होता. दादा तिथे रविवारी अर्धा तास बसायचा. परदेशातली बेस वाजवणारी माणसं एका पानावर एकमेकांना प्रश्न विचारायची. दादाने इंग्रजी जुळवून लिहिलं की मला अमक्याचा आवाज हवा आहे, माझ्याकडे एवढं एवढं आहे. आठ दिवसांनी उत्तरं आली. अमुक कंपनीची गिटार, तमुक अॅम्प्लिफायर, ढमुक पेडल, म्हणजे आवाज बदलणारी पायाखालची डबी. एकानेही जवळ काय आहे ते वाचलं नव्हतं. फक्त एकाने लिहिलं होतं, तो माणूस आवाजाचे दोन भाग करतो. खालचा जाड आवाज एका स्वच्छ अॅम्प्लिफायरला देतो, वरचा आवाज दुसऱ्याला देऊन तो फाटेपर्यंत चढवतो.

दादा सायकल हाणत घरी आला. दोन भाग करायचं सर्किट त्याला घरीच जमणार होतं. जाड आवाज जुन्या टेपरेकॉर्डरच्या डेकला, वरचा केरूभाऊंच्या डब्याला. बाबा बघत होते. आवाज जवळ आला, खूप जवळ. तरी त्यात काहीतरी नव्हतं. तो मला पत्रात लिहायचा, "सगळं आहे, पण तार बोलत नाही." मी माझ्या मुलीच्या, राहीच्या वेळी दिवस भरत आलेली, मला त्या वाक्याचा अर्थ लावायला सवड नव्हती.

तार बोलली ती २००३ च्या मार्चमध्ये, आणि तीही आळसामुळे. त्याची करवंटीची चकती झिजून नखाएवढी राहिली होती. नवी घासायला पाहिजे होती, पण त्या आठवड्यात बाबांना ताप होता, आई कंबरेने आडवी होती आणि कारखान्यात दोन पाळ्या पडल्या होत्या. त्याने तीच झिजकी चकती चिमटीत घट्ट धरून वाजवायला घेतलं. चकतीचं टोक इतकं थोडं बाहेर होतं की तार छेडल्यावर लगेच अंगठ्याची कडही तारेला घासून जात होती.

आणि तो आवाज आला. खाली घरघर, वर टणत्कार. चकतीने तार हलते आणि मागोमाग अंगठ्याचं मांस तिला क्षणभर अडवतं, त्यामुळे त्याच सुराच्या वरचा एक बारीक सूर उसळतो. छेड एक, पण तार दोनदा बोलते. त्याने थांबून पुन्हा वाजवलं. तारा टेकतात त्या घोडीच्या जवळ सरकून वाजवलं, मग जरा अलीकडे. चकती तिरकी करून, सरळ करून. मग कॅसेट लावली, मग पुन्हा स्वतः. आई आतून म्हणाली, "अरे, तो माणूस बंद कर की, बाबांना ताप आहे."

"आई, तो माणूस नाही. मी आहे."

हे त्याने मला फोनवर सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "छान झालं." पाच वर्षं लागली होती त्याला. आणि ते ऐकायला घरात होते एक आजारी बाबा आणि कंबरेला शेक घेणारी आई.

*

अनिलने २००४ मध्ये फोन केला. त्यांचा बेसवाला बंगळूरला गेला होता आणि बँडची पहिली सीडी करायची होती. पुण्यात दहा दिवस स्टुडिओ मिळाला होता. दादा अनिलला हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. त्याने मला फोन केला.

"उल्का, दहा दिवस येशील?"

सहा वर्षांत त्याने माझ्याकडे काही मागितलेलं ते पहिलंच. मी शाळेतून रजा काढली, दीड वर्षाच्या राहीला घेऊन आले. दादाने मला एक वही दिली. बाबांना किती वाजता काय, कसं उचलायचं, उजवा हात कसा धरायचा, कुठल्या उशीवर कोणता खांदा. शेवटच्या पानावर नकोचे प्रकार लिहिले होते, अकरा.

पहिल्या दोन दिवसांत मला वाटलं जमेल. तिसऱ्या दिवशी बाबांना अंघोळ घालताना ते माझ्या हातून निसटले. पडले नाहीत, पण मोरीच्या कठड्यावर त्यांचं कोपर सोललं. मुलीच्या हातून अंघोळ, याची त्यांना लाज वाटत होती आणि ते सांगायलाही शब्द तोच. चौथ्या दिवशी त्यांनी जेवण थुंकलं. पाचव्या दिवशी दुपारी राही रडत होती, बाबा नको नको म्हणत होते, अकरापैकी कोणतं ते मला कळेना, आणि मी आईला "आलेच" म्हणून घराबाहेर पडले. मांडवीच्या जेटीवर जाऊन बसले. समोर एक होडी बाहेर निघाली होती. माझ्या मनात काय आलं ते सांगायला आजही लाज वाटते. मला वाटलं, इथूनच स्टँडवर जावं आणि पुण्याच्या गाडीत बसावं. मुलीलाही न घेता. वीस मिनिटांनी मी उठून घरी गेले. दहातले अजून पाच दिवस उरले होते. दादाच्या पुढे तर दिवसांचा आकडाच नव्हता.

तो रोज संध्याकाळी सातला फोन करायचा.

"बाबा जेवले?"

"नको म्हणाले."

"लांब की आखूड?"

"दादा, मला नाही कळत रे."

"फोन त्यांच्या कानाला लाव."

मी लावायची. तिकडून तो काहीतरी बोलायचा. बाबा ऐकायचे, म्हणायचे, "नको." मग फोन माझ्याकडे. "त्यांना भात मऊ हवाय. आणि पंखा एकवर कर."

स्टुडिओतलं मला नंतर अनिलने सांगितलं. केरूभाऊंचा डबा तर दादा नेऊ शकला नव्हता. तिथे चांगले अॅम्प्लिफायर होते. त्याने पहिला सूर वाजवला तेव्हा काचेपलीकडच्या रेकॉर्डिस्टने विचारलं, कोणतं पेडल लावलंय? दादाने अंगठा दाखवला. रेकॉर्डिस्टला वाटलं, हा सगळं ठीक आहे म्हणतोय. शेवटी तो आत आला, दादाच्या चिमटीतला करवंटीचा तुकडा आणि अंगठ्याच्या कडेचा घट्टा पाहून गेला आणि त्याने दुसरा माइक लावला.

दादा दहाव्या दिवशी यायचा तो नवव्याच दिवशी सकाळी आला. "माझं झालं," म्हणाला. मला माहीत आहे, त्याला राहायचं होतं. माझा आवाज फोनवर कसा येत होता, ते त्याने ऐकलं असणार.

त्या दिवशी स्वयंपाकघरात मी त्याला म्हटलं, "दादा, मी एका वर्षाने येणार होते."

तो पाणी पीत होता. भांडं खाली ठेवून म्हणाला, "हो."

एवढंच. जाऊ दे म्हणाला नाही, काही हरकत नाही म्हणाला नाही. दुपारच्या गाडीने मी राहीला घेऊन निघाले.

*

सीडी आली, तीनएकशे प्रती निघाल्या, वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या. दादाने ती बाबांना ऐकवली तेव्हा आई तिथे होती. बाबांनी डोळे मिटून पहिलं गाणं ऐकलं आणि लांब, वर जाणारं नको म्हटलं. दादाने पुन्हा लावलं. पुन्हा नको. त्या दुपारी ते गाणं सहा वेळा वाजलं, असं आई सांगते.

बाबा २००६ च्या जानेवारीत गेले, झोपेतच. तेराव्यानंतर मी दादाला म्हटलं, "आता चल. आईला घेऊन चल. आमच्याकडे राहा." आई म्हणाली, "मी कुठे येत नाही, पण तू जा रे. माझं मी बघेन." तो आला. बत्तीस वर्षांचा होता. पण अनिल सॉफ्टवेअरच्या नोकरीत अमेरिकेला निघालेला होता आणि बँड उरला नव्हता. दादाने एका वर्कशॉपमध्ये काम धरलं, दुसऱ्या दोन बँडना भेटून आला. त्यांना वेगळा, गुळगुळीत बेस हवा होता. आमच्या घरी तो रोज पहाटे साडेचारला उठायचा आणि अंधारात खुर्चीवर बसून राहायचा. मी विचारलं, "काय रे?" म्हणाला, "बाबांची कूस बदलायची वेळ. जाग येते." दोन महिन्यांनी तो रत्नागिरीला परत गेला. कारखान्याने त्याला लगेच घेतलं, या वेळी फोरमन म्हणून. कोणी अडवलेलं नसताना तो परत गेला, याला त्याची मर्जी म्हणावं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्याला विचारायचा धीर मला झाला नाही.

गेल्या मे महिन्यात मी राहीला घेऊन गेले होते. मांडवीला हिंदी गाण्यांच्या एका ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम होता आणि त्यांचा बेसवाला आजारी पडला म्हणून दादाला बोलावलं होतं. तो मागे उभा होता, ढोलकीवाल्याच्या सावलीत, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. निवेदिकेने सगळ्यांची नावं घेतली, त्याचं राहिलं. आई, राही आणि मी चौथ्या रांगेत होतो. जुनी गाणी, सगळ्यांना पाठ असलेली, पण त्यांच्या खालून दादाची तार दोनदा बोलत होती. शेजारचे एक गृहस्थ उगाचच पायाने ठेका धरत होते.

मध्यंतरानंतर तिसऱ्या गाण्यात त्याचा मोबाइल थरथरला असावा. गाणं संपेपर्यंत त्याने वाजवलं, मग फोन कानाला लावला. कारखान्यातला कॉम्प्रेसर बंद पडला होता आणि सकाळी होड्या बर्फ भरून घेऊन निघायच्या होत्या. त्याने गिटार खोळीत घातली, मंचाच्या बाजूच्या फळीवरून खाली उतरला, आमच्याकडे बघून हात केला आणि मोटारसायकल काढून मिरकरवाड्याकडे गेला.

ऑर्केस्ट्राने पुढची चार गाणी त्याच्याशिवाय वाजवली. लोक टाळ्या वाजवत होते. राहीने मला विचारलं, "आई, आवाज कमी का झाला?"